मूठभर साखर

पोलीस पाटील उकंडराव म्हणजे गावातलं इंग्रज सरकार. त्यांच्याच वावरातला कापूस पुंजाजी आणि अर्जुननं मिळून चोरला. अर्जुन सातपुड्याच्या जंगलात पळाला. पुंजाजीला धरून पाटलांच्या दारात आणलं, तेव्हा आत नुकताच नातू जन्मला होता. उकंडरावांनी चोराच्याही हातावर मूठभर साखर ठेवली.

"जाय बे घरी. आज माह्या दारातून कोनी रडत जानार नाही."

पाचवी पुजायच्या आधीच नातू गेला. त्याला पुरून उकंडराव परतले, तर अंगणात अर्जुन उभा होता, डोक्यावर चोरीच्या कापसाचं गाठोडं. पाटलांच्या हातांची माती अजून धुतली नव्हती.

"बांधा याले! जळगावच्या ठान्यात न्या. लय माजले हे चोर."

संध्याकाळी अर्जुनची बायको कोकिळा दारात आली. पदराची गाठ सोडून तिनं चिमूटभर साखर उंबऱ्यावर ठेवली.

"पुंजाजीनं देल्ली होती मले, तुमच्या घरची," ती म्हणाली. "माह्या मालकाले कोनी धरलं नव्हतं, पाटील. जंगलात जाऊन म्याच वापस आनलं त्यायले, हे साखर दाखवून."