डाव्या मांडीची हाडे

कवट्या अकरा, डाव्या मांडीची हाडे सतरा, बाकीचे तुकडे मोजण्यापलीकडचे. लांडग्यांनी आणि पुराने सगळे विखुरले होते, म्हणून गेरहार्ड मास्तरांनी डाव्या मांडीचे एक हाड म्हणजे एक माणूस, असा हिशेब धरला होता.

टेक्सासमधल्या या नदीकाठी ही हाडे तीन वर्षे उघड्यावर पडली होती. उत्तरेच्या सरकारशी एकनिष्ठ राहून मेक्सिकोकडे निघालेल्या गावच्या जर्मन पोरांना दक्षिणेच्या घोडदळाने इथेच गाठले होते. आता उत्तर-दक्षिणेचे यादवी युद्ध संपले होते. हाडे गावी न्यायची, त्यांच्यावर चुनखडीचा स्तंभ उभारायचा आणि जितकी माणसे सापडतील तितकीच नावे कोरायची, असे ठरले होते.

त्या हल्ल्यातून वाचलेल्यांनी सांगितलेली मेलेल्यांची नावेही सतराच होती. त्यांत वीगांडबाईंचा मुलगा कोनराड नव्हता. तो त्याच आठवड्यात घरातून गेला, एवढेच गावाला माहीत. स्तंभावर नाव आले नाही तर गाव काय समजेल, हे बाई जाणून होत्या. एवढ्या लांब खटाऱ्यात बसून त्या त्यासाठीच आल्या होत्या.

येर्ग लोहाराने त्यांना परत फिरायला सांगून पाहिले. शेवटी म्हणाला, "बाई, हाड नाही तर नाव नाही. माझ्या भावालाही हीच अट आहे."

"मग शोधते. तू घोड्यांना पाणी पाज."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कमरेच्या फडक्यात गुंडाळून एक हाड घेऊन आल्या. डावेच होते.

"बाकीची पांढरीफटक, आणि हे तपकिरी?" येर्ग म्हणाला. "तुमचा कोनराड काय चिखलात लोळत होता?"

"गाळात होतं. लहानपणीही तिथूनच ओढून आणावा लागायचा."

येर्गने मान खाली घालून टोपी काढली.

निघायच्या वेळी एक खेचर सुटले. ते शोधत मास्तर पलीकडच्या झाडीत शिरले. दक्षिणेच्या फौजेने आपले मेलेले तिथे रीतसर पुरले होते. रांगेतली एक कबर ताजी उकरलेली होती. लाकडी पाटी पालथी पडली होती. मास्तरांनी ती सरळ केली. कोनराड वीगांड, दक्षिणेचे घोडदळ.

त्यांनी पाटी खड्ड्यात टाकली आणि वर माती लोटली.

ते खेचर घेऊन परतल्यावर येर्गने त्यांना विचारले, "मास्तर, शेवटचा आकडा किती?"

"अठरा," मास्तर म्हणाले.