चिखलातला प्रश्न

"नऊ वर्षं येतोय, बाई. दरवेळी सूचीत 'ड'चं पान उघडतो, आणि आई सापडत नाही," बॉस्को डा कुन्हा म्हणाला.

ग्रंथपाल दातारबाईंनी सूची पुढे ओढली. ग्रंथालयाची संदर्भसूची यंत्र आपोआप लावत असे, पण नियम त्यांनीच घालून दिला होता: परक्या आडनावांआधीचं 'डा', 'डी', 'व्हॅन' सोडून मगच क्रम लावायचा. जगभर असंच करतात, असं त्यांनी तेव्हा ठणकावून सांगितलं होतं. बॉस्कोच्या गावात मात्र कुणीच नुसतं कुन्हा नव्हतं, सगळे डा कुन्हाच. तिथल्या कुणाला विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी 'क'चं पान उघडलं. ज्युडिथ डा कुन्हा, 'खाडीकाठची तिवरं'. अक्षरं फिकट पडली होती. सूचीतल्या प्रत्येक नावात त्या लेखकाचा आवाज जपलेला असे; लेखक वारल्यावरही नावावर बोट ठेवलं की तो बोले, पण फक्त आपल्या पुस्तकाबद्दल. दहा वर्षं कुणी काही विचारलं नाही, की यंत्र तो आवाज पुसून टाकत असे. ज्युडिथबाईंच्या आवाजाचे दोनच दिवस उरले होते.

"नावावर बोट ठेवा," दातारबाई हळूच म्हणाल्या.

"आई, मी बॉस्को."

"हे माझ्या पुस्तकाबाहेरचं आहे," आवाज शांतपणे म्हणाला.

बॉस्कोने बोट उचललं नाही. "बरं... तिवराचं रोप चिखलात कसं लावायचं?"

"आधी चपला काढ," आवाज म्हणाला. "आणि माझा हात धर, घसरशील."

ग्रंथालयाच्या गार फरशीवर बॉस्कोने खरोखरच चपला काढल्या.