आधी थांबणं

मिस्त्रीनं ताडपत्री ओढली तशी शेडभर धूळ उठली. धूळ बसत गेली आणि जीप दिसू लागली. चारही टायर बसलेले, काचेवर जाळी, बोनेटवर गंजाचे नकाशे. थकल्या जनावरानं गुडघे टेकावेत आणि त्याला उठवायला कुणी येऊच नये, तशी ती बसली होती.

"होईल का चालू?" बाईंनी विचारलं.

तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसून नट चाचपत होता. इंजिन तर बोनेटखाली आहे की, असं बाई म्हणाल्या.

"चालणं नंतर, बाई. आधी थांबणं."

पण नट गंजून एकजीव झाले होते. त्यानं त्यांवर तेल सोडलं, मुरू दिलं आणि नाइलाजानं इंजिनाकडं वळला.

त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तुमच्याकडं एक जीप पडून आहे म्हणे, असं विचारत तोच फाटकाशी आला होता. बाईंना तर बुडत्याला काडी मिळाल्यासारखं झालं. आतल्या खोलीत त्यांचे यजमान, साहेब, भिंतीकडं तोंड करून पडलेले असत. एके काळचे मोजणीखात्यातले साहेब. शेळीसुद्धा जिथं पाय टाकताना विचार करील, अशा डोंगरवाटांवर त्यांनी ही जीप चढवली होती. आता दोन घास जात, तेही बाईंनी डोळ्यांत पाणी आणल्यावर. शरीर ठीक आहे, जगायची इच्छा उरलेली नाही, असं सांगून डॉक्टरांनी हात टेकले होते. जीप उठली तर माणूस उठेल, या एकाच वेड्या आशेला बाई धरून होत्या.

एअर फिल्टर उघडला तर आत उंदरांचं घरटं.

"एवढ्या वर्षांत सुखानं संसार केला तो यांनीच," मिस्त्री म्हणाला.

बाई हसल्या, आणि आपल्याच हसण्यानं दचकल्या. त्या घराला तो आवाज परका झाला होता.

मग त्या रोज शेडमध्ये येऊन बसू लागल्या. तो कार्बोरेटर धुवायचा, टाकीतला चिकट गाळ खरवडायचा. चहाला तेवढा शिवायचा नाही. पोटाला चालत नाही म्हणायचा. कप तसाच थंड व्हायचा. वाकलेला बंपर ठोकून सरळ करा, असं बाईंनी सुचवलं, तर राहू द्या म्हणाला.

बंपरावरूनच विषय निघाला. एक लहान मुलगी होती, बाईंनी सांगितलं. उतारावर, शेळीच्या करडामागं धावत आडवी आली. साहेबांनी कुणी काही विचारायच्या आत चूक माझी म्हणून सांगून टाकलं. शिक्षा भोगली. मान खाली गेली ती गेलीच. तिच्या आईबापांचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नाही. बाईंचाही पाय तिकडं वळला नव्हता. काय तोंडानं जायचं?

मिस्त्रीचं डोकं बोनेटखाली होतं. तो नुसता हुं म्हणाला.

एका दुपारी त्यानं हँडल मारलं. इंजिन खोकलं, पुन्हा गप्प झालं. त्या आवाजासरशी साहेब शेडच्या दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा असा. चालू करू नका, असं ते पुटपुटले.

मिस्त्रीनं मागं न बघता दिवा पुढं केला. जरा धरता का, म्हणाला. साहेबांनी धरला. दुसऱ्या दिवशीही आले. बाई दाराआड उभं राहून पदरात रडल्या.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तेव्हा पाय ब्रेकवर गेला होता का?"

दिवा हलला.

"आठवत नाही. तेवढंच आठवत नाही. रोज झोपेत पाय टाकून बघतो. कधी जातो. कधी नाही जात."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला आणि निघून गेला. बरेच दिवस फिरकला नाही. साहेब पुन्हा भिंतीकडं वळले. हाही गेला, असं बाईंच्या मनानं घेतलं.

पण तो आला. पान्याला लांब पाइप लावून सारं वजन टाकलं, तेव्हा नट कुरकुरत सुटले. चाक निघालं. तो आत पाहत तसाच बसून राहिला, इतका वेळ की बाईंना वाटलं, घेरी आली. मग त्यानं साहेबांना बोलावून घ्यायला सांगितलं.

"हा ब्रेकचा रबरी पाइप. सडलेलं रबर बाहेरून चिरतं. हे आतून फुटलंय. आणि इथला रंग बघा, पंख्यासारखा सोललाय. ब्रेकचं तेल रंग खातं, त्याची पिचकारी उडाली होती. जीव खाऊन दाबल्याशिवाय असं होत नाही, साहेब. तुम्ही दाबला होता."

साहेबांनी त्या फाटक्या रबरावरून बोट फिरवलं. मग भिंतीला धरून हळूहळू खाली बसले.

"दाबला होता," ते म्हणाले. "तरी ती गेलीच."

"हो. गेलीच."

मिस्त्रीचे डोळे लाल झाले होते. गंज गेला असेल, बाईंना वाटलं. त्यानं पाणी मागितलं आणि तांब्या एका दमात रिकामा केला.

नवा पाइप बसला. ब्रेकमध्ये तेल भरून हवा काढली. चाक परत चढलं, चारही टायर फुगवले. मग हँडलच्या तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं, अडखळलं, आणि सुरू राहिलं. साहेब स्टिअरिंगमागं बसले. फाटकापर्यंत एक फेरी मारून या, असं बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली. फेरी नको होती त्यांना.

"त्या घरी जायचंय. एकदा त्यांच्यासमोर उभं राहायचंय. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." त्यांनी ब्रेक एकदा दाबून पाहिला. "पण मला दार कोण उघडणार?"

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले आणि तो शेजारच्या सीटवर येऊन बसला.

"चला. मी उघडतो. घर माझंच आहे."