वॉचमनच्या केबिनमधला स्विच

वर्गातल्या सगळ्या पोरांत वायरमनकाका एकटेच पन्नाशी उलटलेले. मालकानं बजावलं होतं, "नेटवर्किंगची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा." म्हणून आज ते एका बोटानं टाइप करत शेवटच्या प्रोजेक्टशी झुंजत होते. स्क्रीनवर एक खोटं खोटं हॉस्पिटल होतं आणि त्याच्या दोन इमारतींमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे होते.

दीड तास झाला तरी मागची इमारत कुणालाच दाद देईना. पोरं कमांड पुसत होती, पुन्हा लिहीत होती, स्वतःवरच चिडत होती. काकांनी मात्र कीबोर्ड बाजूला सारला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं दोन इमारतींच्या मधोमध, वॉचमनच्या केबिनमध्ये, आलेला सिग्नल नव्यानं पुढे पाठवणारा नेटवर्कचा एक स्विच नेऊन बसवला.

"काका, वॉचमनला सिनेमे बघायचेत वाटतं!" शेजारचा फिदीफिदी हसला.

तेवढ्यात मागच्या इमारतीतला दिवा हिरवा झाला. शेजारच्यानं आपली खुर्ची काकांच्या स्क्रीनकडे ओढली.

मॅडम धावतच आल्या. "कमांडमध्ये चूक नव्हतीच! दोन इमारतींमधली वायर मी मुद्दाम एकशे चाळीस मीटर ठेवली होती. शंभराच्या पुढे तिच्यातून काही पोचत नाही. आजवर एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. तुम्ही कसं ओळखलंत?"

"मी आपला मनातल्या मनात खांद्यावरून वायर ओढत निघालो, मॅडम," काका खांदा चोळत म्हणाले. "केबिनपाशी पोचलो आणि खांद्यानंच सांगितलं, आता बस्स."