दोन गाठींची सुतळी

"हे नको. आवाज फार करतंय," टर्नर म्हणाला, आणि चौथं मशीन बाद झालं.

दुकानदाराने कपाळावर हात मारून घ्यायचाच काय तो बाकी ठेवला होता. गवत कापायची मशीनं तो बावीस वर्षं विकत होता, पण असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. पहिलं मशीन रुंद म्हणून गेलं, दुसरं त्याहून रुंद म्हणून. तिसऱ्याचं पातं पुरेसं वर उचललं जात नव्हतं. चौथं पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढताच दुकान डोक्यावर घेणारं.

टर्नरच्या बायकोला हसावं की रडावं तेच कळेना. चाळीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर उभं राहून या माणसाचे कान कामातून गेले होते. दाराची घंटा वाजून वाजून थकली तरी याला पत्ता नसे. आणि आता म्हणे आवाज टोचतोय!

तशी ती सकाळपासूनच घुश्शात होती. उठून खिडकी उघडली तर हा मधल्या दाराशी उकिडवा बसलेला, हातात सुतळी.

मधलं दार म्हणजे त्याच्या आणि धाकट्या भावाच्या अंगणांमधल्या भिंतीतलं दार. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना शेजारी शेजारी घरं दिली, पण गवत कापायचं मशीन एकच ठेवलं. ते इकडून तिकडे नेता यावं म्हणून भिंतीत मशीनच्या मापाचं दार काढलं. नऊ वर्षांपूर्वी त्या मशीनचं पातं एका दगडावर आपटून तुटलं. दगड कोणाच्या अंगणातला, यावरून दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले. मशीन भंगारात गेलं, दाराला कडी लागली. "त्याच्या फाटकातून पुन्हा पाऊल टाकणार नाही," अशी टर्नरने शपथ घेतली, आणि शपथा पाळण्यात तो पहिल्यापासून पक्का.

महिन्यापूर्वी धाकट्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं. घरात एकटा जीव. ती रोज रस्त्याकडच्या फाटकाने जाऊन त्याला जेवण देऊन यायची. तो पडल्या पडल्या विचारायचा, "वहिनी, दादा बरा आहे ना?" घरी येऊन ती नवऱ्याला म्हणायची, "अहो, एकदा तरी जाऊन या." नुसती तोंडाची वाफ! उत्तर ठरलेलं. "त्याचं गवत गुडघ्याएवढं वाढलंय. बी सगळं उडून आपल्याकडे येतं. ते दार विटांनी बुजवून टाकतो एकदाचं."

म्हणून सुतळी दिसताच तिला वाटलं, हा विटांसाठी दाराचं माप घेतोय. विटा चढल्या की संपलंच. मग तिने उद्या भाऊजींना काय सांगायचं?

"काका, तुमची जागा केवढी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"बरीच."

"मग रुंद मशीन घ्या की! अर्ध्या वेळात मोकळे व्हाल. छोट्याने पायांचे तुकडे पडतील तुमच्या."

"पडू देत."

कोपऱ्यात बॅटरीवर चालणारं एक अरुंद मशीन होतं. दुकानदाराने नाइलाजाने बटण दाबलं. ते नुसतं गुणगुणलं. टर्नरने मान हलवली, मग खाली वाकून पात्याची उंची बदलणारा खटका मागेपुढे केला.

"गवत फार वाढलेलं असेल तर?"

"आधी पातं सगळ्यात वर ठेवून एकदा फिरवायचं, मग खाली घेऊन दुसऱ्यांदा. पण वेळच्या वेळी कापलंत तर ही वेळच येणार नाही."

"आमचं गवत दोन बोटंसुद्धा नाही," बायको फणकारली. टर्नरला ऐकू आलं नाही. सोयीच्या वेळी त्याला मुळीच ऐकू येत नसे.

त्याने खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या होत्या. एक गाठ डाव्या चाकाच्या बाहेर धरून त्याने सुतळी उजवीकडे ताणली. उजवं चाक दुसऱ्या गाठीच्या बोटभर आत राहिलं. त्याने पुन्हा एकदा मोजलं. केसाएवढ्या फरकावरून आयुष्यभर कारखान्यात भांडलेला माणूस सुतळीने मोजत होता, कारण घरातला टेप नऊ वर्षं धाकट्याकडेच राहिला होता आणि मागायला जाणार कोण!

"बसतंय," तो स्वतःशीच म्हणाला. "दार अरुंद आहे ना."

बायकोने तोंड उघडलं. आपल्या फाटकातून अख्खा ट्रक आत येतो, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात तिची नजर त्या दोन गाठींवर गेली. विटा रचायच्या म्हणून दाराचं माप घेणारा माणूस ते माप घेऊन या दुकानात कशाला येईल? भाऊजींना आवाज सोसत नाही, हे तिनेच तर परवा सांगितलं होतं. म्हणजे ते मात्र नीट ऐकू आलं होतं!

दुकानदाराला ऐकू जाऊ नये म्हणून ती नवऱ्याच्या जवळ सरकली.

"आणि तुमची शपथ?" तिने हळूच विचारलं.

टर्नरने सुतळीची नीट गुंडाळी करून खिशात ठेवली. "शपथ फाटकाची होती," तो म्हणाला. "दाराचं मी काही बोललो नव्हतो."

"मग हेच बांधू का?" दुकानदाराने घाईने विचारलं. गिऱ्हाईकाचं मन बदलायच्या आत त्याला दोरी आवळायची होती.

"बांधा," ती म्हणाली. "आणि तेलाची एक बाटली द्या."

"तेल कशाला, काकू? हे बॅटरीचं आहे, याला तेल लागतच नाही."

"मशीनला नकोय हो," ती डोळे पुसत म्हणाली. "बिजागऱ्यांना हवंय. नऊ वर्षं गंजल्यात."