तिलाच विचारा

बहिऱ्या लेकीसाठी वीस वर्षं विनिताच बोलत आली होती. स्नेहल निवासी शाळेत हातांची भाषा शिकली, पण कशेळ्यात ती कुणालाच येत नव्हती, आईलाही नाही. कर्णबधिरांसाठी विधानसभेत भांडणाऱ्या आमदारताई गावात आल्या, तेव्हाही अर्ज घेऊन विनिताच उभी राहिली. "ताई, हिला कुठं काम मिळंल का?" "तिलाच विचारू या की," म्हणत ताईंनी सोबतच्या दुभाषी बाईंना खूण केली. स्नेहलचे हात भराभर हलले. दुभाषी बाई म्हणाल्या, "ती म्हणते, कामाचं मग सांगते. आधी आईला खुर्ची द्या, तिचे गुडघे दुखतात." लेकीचं अख्खं वाक्य विनितानं आज पहिल्यांदाच ऐकलं. ताईंनी पुढं केलेल्या खुर्चीत बसून ती दुभाषी बाईंना म्हणाली, "हिला इचारा, ताईंचं आभार हातानं कसं मानायचं? शिकव म्हणावं." स्नेहलनं हसून आईचा हात हातात घेतला.