साडेनऊचं आकाश

“आकाश सगळ्यांचं आहे, खुर्ची एकेकाचीच,” सुहासिनीबाईंनी अंधारातून सुनावलं, तशी तारांगणातली पन्नास मुलं निमूट झाली. बाई शाळेतून निवृत्त होऊन इथे तारे दाखवत. शनी-मंगळालाही त्या वर्गातल्या पोरांसारखंच बोलत.

अवधूत आधीपासूनच निमूट होता. शेजारी दहा वर्षांची तनया मान वर करून बसली होती. महिन्यातले दोन रविवार ती त्याच्या वाट्याला येई. हा एकोणिसावा. हिंजवडीत दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा, म्हणून मोजायची खोड. सर्कस झाली, नौकाविहार झाला, तीन सिनेमे झाले. प्रत्येकावर लेकीचा शेरा एकच : “ठीक होतं.” ‘बाबा, घरी चल ना,’ एवढं तिनं एकदा म्हणावं, यासाठी हा माणूस एकोणीस रविवार कान देऊन बसला होता.

तनयाची आई भाग्यश्री म्हणायची, पोरीनं काही मनाला लावून घेतलेलं नाही, आपण तिच्यासमोर भांडलोच कुठे? खरंच होतं. गेल्या एप्रिलात एका रात्री वारज्यात वीज गेली. तिघं गच्चीवर सतरंजी टाकून पडली, तनया मधे. चांदण्या मोजता मोजता तिचा डोळा लागला, तेव्हा दहा वाजून गेले होते. मग तिच्या अंगावरून, आवाज न चढवता, दोघांनी वेगळं व्हायचं ठरवून टाकलं. दिवे यायच्या आत काम उरकलं. इतकं नीटनेटकं, की अवधूतला त्याचा थोडा अभिमानच होता.

खेळ संपताना बाईंचा एक रिवाज होता. एका मुलानं तारीख आणि गाव सांगायचं, बाई त्या रात्रीचं आकाश घुमटावर लावत. सगळी मुलं आपला वाढदिवस सांगत. जन्मण्यापलीकडे कुणी काही केलेलंच नसे.

तनयाचा हात वर गेला. अवधूत सावरून बसला. तिच्या जन्माच्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर त्यानंही आकाश पाहिलं होतं.

“गेल्या वर्षी, अकरा एप्रिल. वारजे.”

मुलं हसली. एक वर्षाची घोडी दिसतेस, बाई म्हणाल्या. वाढदिवस नाही, त्या दिवशी वीज गेली होती, तनयानं शांतपणे सांगितलं.

घुमट फिरला. सप्तर्षी उत्तरेला चढू लागले. तनयानं वरची नजर न काढता बापाची बाही मुठीत धरली. एकोणीस रविवारांत पहिल्यांदा.

“कुठे थांबवू?” बाईंनी विचारलं.

“साडेनऊला,” तनया म्हणाली. “दहाच्या पुढे नेऊ नका.”